मागच्या अर्ध्या घराचा न्यूट्रल

नानांच्या मशीनचा बीप आधी बंद करायचा होता. बाकीचं सगळं नंतर.

मी घरात शिरलो तेव्हा ते मशीन मागच्या खोलीत एकसारखं ओरडत होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकापर्यंत पोचवणारं मशीन. कॉन्सन्ट्रेटर म्हणतात त्याला. वीज गेली की ते बोंब मारतं. नाना पलंगावर उशांना टेकून बसले होते. नाकात नळी होती, पण ती आता कोपऱ्यातल्या लहान सिलेंडरला जोडलेली होती. त्यांच्या पत्नी विमलअक्का वहीच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होत्या. मे महिना आणि जळगाव. सकाळचा चहा पचला नव्हता तोवर भिंती तापल्या होत्या.

पुढच्या हॉलमधला पंखा मात्र फिरत होता. ट्यूबही चालू होती. म्हणजे पुढचं अर्धं घर चालू आणि मागचं अर्धं बंद. स्वयंपाकघर, पॅसेज आणि नानांची खोली, तिन्ही ठिकाणी काही नाही.

मी हॉलच्या प्लगमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, मशीन त्यावर लावलं. बीप थांबला. नळी सिलेंडरवरून परत मशीनला जोडली आणि मग कूलरही त्याच बोर्डावर लावला. अक्कांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि मनगट चोळलं.

"काल संध्याकाळपासून असंच आहे पंडितभाऊ," त्या म्हणाल्या. "तरी सकाळपर्यंत अधूनमधून येत होती. आता साफच गेली."

मी जळगावात वायरमन म्हणून आयुष्य काढलं. आता दुकान मुलगा बघतो. गुडघे शिडीला नाही म्हणतात, त्यामुळे मी काउंटरवर बसतो आणि लोकांना बल्ब तपासून देतो. पण फोनवर अक्का म्हणाल्या, "तुम्हीच या. हे घर तुम्हीच केलंय." शहराच्या कडेला पिंप्राळ्यातलं हे घर मी खरोखरच केलं होतं. निम्मं तरी. म्हणून मुलाला न पाठवता स्वतःच स्कूटर काढली.

कॉलनीत शिरलो तर रस्ता ओळखू येईना. आम्ही इथे वायरिंग करत होतो तेव्हा या घराच्या मागे थेट कपाशी होती. चाळीसेक वर्षं झाली असतील. मी आयटीआय करून नुकताच कामाला लागलो होतो आणि दगाभाऊंच्या हाताखाली होतो. दगाभाऊ धुळ्याचे. जळगावला काम निघालं की ते आठवडाभर इथेच राहायचे, ज्या घराचं काम त्याच घरात, सिमेंटच्या पोत्यांशेजारी अंथरूण टाकून. सायकलला बांबूची शिडी बांधून आम्ही शहरभर फिरायचो. त्या काळात बहुतेक घरांत लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर असायची, भिंतीवरून सरळ दिसणारी. भिंतीच्या आत पाइप पुरून त्यातून वायर न्यायची, ही पद्धत पिंप्राळ्याकडे नवी होती. नाना तेव्हा एसटीत कंडक्टर होते. कुठल्या तरी गावी त्यांनी एका डॉक्टरचं घर पाहिलं होतं, भिंतीवर एक वायर दिसत नव्हती. त्यांनी दगाभाऊंना सांगितलं, मला तसंच पाहिजे.

तेच हे घर. आता त्याच्या भिंतींवर गुळगुळीत पुट्टी होती. छताला पीओपी. स्वयंपाकघरात कमरेच्या वरपर्यंत टाइल्स आणि त्यावर बंद कपाटांची रांग. नानांच्या मुलाने, हेमंतने, काही वर्षांपूर्वी सगळं नवीन करून घेतलं होतं. तो शिरपूरला कॉलेजात शिकवतो, तिथेच राहतो.

मी मेन बोर्डपासून सुरुवात केली. तिथे एमसीबी असतात, म्हणजे प्रत्येक भागाचे वेगळे स्विच. जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की ते आपोआप खाली पडतात. आमच्या वेळी त्या जागी चिनी मातीचे फ्यूज असायचे, त्यात बारीक तार. तार जळाली की नवीन लावायची. इथे एकही एमसीबी पडलेला नव्हता. काल शेजारच्या गल्लीतला वायरमन येऊन गेला होता. त्याने मागच्या भागाचा एमसीबी बदलून पाहिला, फरक पडला नाही, मग त्याला दुसरीकडे जायचं होतं. त्याचं काम नीट होतं. दोष तिथे नव्हता इतकंच.

मग मागच्या खोलीत आलो. प्लगच्या एका भोकात टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे तो बारीक दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर. दिवा लागला. करंट येत होता. खोलीचा बल्ब चालू केला, तो लागला नाही. आता टेस्टर प्लगच्या दुसऱ्या भोकात घातला. तिथेही दिवा लागला.

अक्का माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे लाइट आहे, मग बल्ब का लागत नाही?"

बहुतेक सगळेच हे विचारतात. घरात येणाऱ्या वायरी दोन. एकीतून करंट येतो, ती फेज. दुसरीतून तो परत जातो, ती न्यूट्रल. जायचा रस्ता तुटला की आलेला करंट बल्बमधून पलीकडे येऊन उभा राहतो, पुढे सरकत नाही. म्हणून टेस्टर दोन्हीकडे लागतो आणि उपकरण एकही चालत नाही. खात्री करायला माझ्याकडे एक जुना होल्डर असतो, दोन वायरी लोंबणारा. त्याची एक वायर खोलीच्या फेजला लावली आणि दुसरी एक्स्टेंशनच्या न्यूट्रलला. बल्ब लख्ख लागला. फेज चांगला. न्यूट्रल गेला होता.

नाना पलंगावरून सगळं बघत होते. बोलायला त्यांना श्वास पुरत नव्हता, म्हणून ते थोडं थोडं बोलत. म्हणाले, "यायची गाडी आहे, जायची नाही."

मागच्या भागाचा एमसीबी पाडून ठेवला. मग पिशवीतून वायर तपासायचा मीटर काढला. बोर्डातले न्यूट्रलचे स्क्रू घट्ट होते. तिथून स्वयंपाकघरापर्यंत वायर सलग आहे का ते पाहिलं, नव्हती. तिथून नानांच्या खोलीपर्यंतही नव्हती. पण स्वयंपाकघर आणि नानांची खोली यांच्यात मात्र ती सलग होती. म्हणजे ही दोन्ही ठिकाणं एकमेकांना अजून धरून होती आणि दोघांचाही मेन बोर्डाशी संबंध तुटला होता. याचा अर्थ एकच. मेन बोर्डाकडून एक वायर येते, कुठेतरी तिला फाटे फुटतात, आणि त्या फाट्यापाशीच जोड गेला आहे. अशा फाट्याच्या जागी भिंतीत एक डबी असते. तिला जंक्शन बॉक्स म्हणतात. तिचं झाकण बाहेरून दिसलं पाहिजे.

दिसत नव्हतं. हेमंतच्या कामात ते कुठेतरी पुट्टीखाली, टाइलखाली किंवा कपाटामागे गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, नवीन वायर भिंतीवरून पट्टीत टाकून दिली की झालं. तसं करता येतं. पण जोड अधूनमधून येत-जात होता, म्हणजे तो तापत होता. त्याच डबीत फेजचाही जोड असणार. तापलेली डबी भिंतीत, त्यातही प्लायवुडमागे ठेवून वरून नवीन वायर टाकायची आणि त्याच खोलीत ऑक्सिजनवरचा माणूस झोपवायचा, हे मला जमणारं नव्हतं.

तेवढ्यात हेमंतचा फोन आला. अक्कांनी माझ्या हातात दिला. तो नीट बोलला, घाई होती पण आवाज चढला नाही. दुपारी कॉलेज सुटलं की गाडी घेऊन निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो आणि नानांना शिरपूरला घेऊन जातो, असं त्याने ठरवलं होतं. तिथे इन्व्हर्टर होता, दवाखाना जवळ होता. मग त्याने विचारलं, "काका, मला खरं सांगा. आज रात्री नाना त्या खोलीत झोपले तर चालेल?"

मी म्हणालो, "जोड सापडला तर चालेल."

"आणि नाही सापडला तर?"

"तर घेऊन जा."

फोन ठेवला तेव्हा नानांचं लक्ष माझ्याकडेच होतं. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. हिवाळ्यात ते असेच शिरपूरला गेले होते. चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि दवाखान्यात पडून राहिले. अक्कांनी नंतर मला सांगितलं की परत येताना गाडीत नानांनी त्यांचा हात धरून कबूल करून घेतलं होतं, आता या घरातून हलवायचं नाही. माझ्यापाशी त्यांनी एवढंच म्हटलं, "मी काय पार्सल आहे का पंडित? टपावर टाकलं आणि निघालं."

त्यांच्या मुलाचंही चुकत नव्हतं.

पॅसेजची भिंत मी बोटांनी वाजवत गेलो. एके ठिकाणी पोकळ आवाज आला, बरोबर डबी असावी इतक्या उंचीवर. मला बरं वाटलं. छिन्नी लावली, पुट्टी फोडली, आत वीट. आणखी फोडलं तर आत रिकामी जागा, पण डबी नाही. अक्का बघून म्हणाल्या, "अहो, तिथे माझा कोनाडा होता. पणती ठेवायची मी." धूळ खोलीपर्यंत गेली आणि नानांना खोकला आला. मी छिन्नी ठेवून दिली. त्यांचा खोकला थांबेपर्यंत अक्का पाठ चोळत राहिल्या आणि मी ओल्या फडक्याने धूळ टिपत राहिलो. असं अंदाजाने भिंत फोडत बसलो असतो तर नानांना मीच शिरपूरला पाठवलं असतं.

गंमत बघा, घर मी केलेलं आणि डबी मला माहीत नाही. कारण पुढचा भाग आम्ही दोघांनी केला, पण मागचा भाग सुरू झाला तेव्हा दगाभाऊंनी मला जामनेरच्या एका कामावर पाठवलं होतं. मी परत आलो तेव्हा प्लास्टर झालं होतं. फक्त शेवटच्या दिवशीची पूजा मला आठवते. मेन स्विचला अक्कांनी हळद-कुंकू लावलं, नानांनी नारळ फोडला आणि दगाभाऊंनी अक्कांनाच स्विच दाबायला लावला. बल्ब लागल्यावर अक्कांनी हात जोडले होते. तेव्हा असंच असायचं. वायरमनला जेवल्याशिवाय कोणी जाऊ द्यायचं नाही.

दगाभाऊंना फोन करावा असं मनात आलं, आणि त्याबरोबर हेही आलं की किती दिवसांत केलेला नाही. त्यांच्या बायकोच्या दहाव्याला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा भेट झाली होती. त्यानंतर दिवाळीला एकदा. मग राहून गेलं. ते आता ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं. नंबर लावला. सुनेने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, थांबा, देते, पण मोठ्याने बोला.

"कोन बोली ऱ्हायनं?" तोच आवाज. थोडा पातळ झालेला.

"दगाभाऊ, मी पंडित. जळगावहून."

"पंडित? जित्ता शे का रे तू?"

मी हसलो. मग ओरडून ओरडून सगळं सांगितलं. पिंप्राळा, नाना कंडक्टर, भिंतीतलं पहिलं काम. मला वाटलं, ऐकू गेलं नाही किंवा आठवत नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं.

"कळणानी भाकर खावाडी व्हती, तेच घर ना?"

ज्वारी आणि उडदाच्या त्या भाकरीची आठवण मला नव्हती. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, शेवटच्या दिवशी सगळ्यांना कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. त्यांनी ते तोंडाला पदर लावून सांगितलं. चाळीस वर्षांनी कोणी आपली भाकरी आठवली, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

डबीबद्दल मात्र दगाभाऊंनी सरळ सांगून टाकलं की त्यांना काही आठवत नाही. शेकडो घरं केली, कुठली डबी कुठे, कसं लक्षात राहणार. माझा धीर सुटत चालला. मग त्यांनीच विचारलं की बाईंची चूल कुठे होती. मी म्हटलं, आता चूल नाही, सगळं नवीन आहे.

"आता नही रे. तव्हाय कोठे व्हती ते इचार. चूलना भीतवर मना बाकस कधीच नही."

चुलीच्या भिंतीवर माझी डबी कधीच नसते, असं ते सांगत होते. आणि ते ऐकताच मलाही आठवलं. धूर आणि वाफ डबीत शिरली की जोड खराब होतो, म्हणून ते चुलीची भिंत टाळून पाइप समोरच्या बाजूने फिरवायचे. पाइप वाढायचा, वायर वाढायची, मालक कधी कधी कुरकुर करायचे. आणि डबी नेहमी दाराच्या चौकटीवर, स्टुलावर उभं राहून हात पोचेल अशी. ही सवय मी त्यांच्याकडूनच उचलली होती आणि आयुष्यभर पाळली होती, पण ती कुठून आली हे विसरलो होतो.

फोन ठेवण्याआधी त्यांनी काम झालं की सांग म्हणून बजावलं.

मी अक्कांना विचारलं, चूल कुठे होती. त्यांनी लगेच फ्रिजकडे बोट केलं. म्हणजे ती भिंत सोडायची. समोरच्या भिंतीत मोरीकडे जाणारं दार होतं. दाराच्या वर आता कपाट होतं, भिंतभर रांगेतलं शेवटचं. आत पापडांचे डबे, कुरडयांचे डबे, वर्षाची सगळी उन्हाळकामं. अक्का स्टुलावर चढायला निघाल्या, मी त्यांना खाली उभं केलं आणि एकेक डबा त्यांच्या हातात देत गेलो. शेवटचा डबा काढला आणि मागच्या प्लायवर टॉर्च मारला.

पांढऱ्या सनमायकावर तपकिरी डाग होता. हाताच्या तळव्याएवढा. वास घेतला तर जळक्या रबराचा वास.

नानांना सांगायला मी खोलीत गेलो नाही. आधी खात्री करायची होती. एमसीबी खालीच आहे ना ते पुन्हा एकदा बघून आलो, मग प्लायचा तुकडा कापून काढला. मागे डबी होती. झाकण अर्धं वितळलेलं.

आत काय झालं होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. दगाभाऊंनी टाकलेल्या वायरी अॅल्युमिनियमच्या होत्या. तेव्हा सगळीकडे तीच वापरायचे. नवीन स्वयंपाकघर करताना ओव्हन, मिक्सर, फ्रिज यांच्यासाठी कोणीतरी मेन बोर्डावरून नवा जाड फेज टाइलखालून आणला. तो तांब्याचा, चांगला. पण त्याच्या जोडीचा नवा न्यूट्रल आणायचा कंटाळा केला. जुन्या डबीतला न्यूट्रलचा जोड सोडला आणि तांब्याची वायर त्यातच पिळून टेप लावली. दोन चुका झाल्या. तांबं आणि अॅल्युमिनियम नुसतं एकमेकांत पिळलं की काही वर्षांनी त्यांच्यात थर धरतो, जोड सैल होतो आणि तापायला लागतो. आणि दुसरी, एका भागासाठी टाकलेला न्यूट्रल आता दोन भागांचा लोड वाहत होता. त्यात उन्हाळा, कूलर, मशीन. मेन बोर्डाकडून आलेली वायर जोडापाशी जळून सुटली होती. आणि हा जोड केला त्याच वेळी डबीवर प्लाय बसवून टाकलं होतं. ज्याने हे केलं त्याला जोड दिसत नव्हता, म्हणून तो त्याच्यासाठी संपला होता.

न्यूट्रलच्या शेजारी फेजचा जोड होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. वरची काळी कापडी टेप धुराने करपली होती, पण सुटली नव्हती. मी ती सोडवायला गेलो आणि बोटं अडली. नेहमी ज्या बाजूने टेप उलगडते त्या बाजूने ती उलगडेना. मग लक्षात आलं. दगाभाऊ डावखुरे. त्यांची टेप कायम उलट्या दिशेने गुंडाळलेली असायची. त्यांनी केलेला जोड पुन्हा उघडताना मी दर वेळी चुकायचो आणि ते म्हणायचे, डाव्या हाताने बघ. मी टेस्टर खिशात ठेवला आणि डाव्या हाताने टेप सोडवली. सावकाश सोडवली. आतली तार अजून चमकत होती. स्टुलावर उभा असताना माझे डोळे भरून आले, आणि खाली अक्का डबे घेऊन उभ्या होत्या, म्हणून मी टॉर्च बंद केला.

जळलेलं टोक कापलं. चांगली तार लागेपर्यंत मागे सोललं. दोन वेगळ्या धातूंच्या वायरी एकमेकांना न चिकटता वेगवेगळ्या स्क्रूखाली बसतात असा कनेक्टर येतो, तो मुलाला फोन करून दुकानातून मागवून घेतला. ओव्हनची वायर तर या न्यूट्रलवरून काढूनच टाकली. नवीन न्यूट्रल येईपर्यंत ओव्हन बंद, असं अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या की तो तसाही हेमंत आला की केकपुरताच चालू होतो.

एमसीबी वर केला. आधी टेस्टर दुसऱ्या भोकात घालून पाहिला. लागला नाही. मग नानांच्या खोलीत जाऊन पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मी एक्स्टेंशन काढलं, मशीन आणि कूलर भिंतीच्या प्लगवर लावले, पॅसेजमधून गेलेली वायर गुंडाळली. थोडा वेळ डबीपाशी हात धरून उभा राहिलो. थंड होती. आणखी अर्धा तास थांबून पुन्हा हात लावला. थंडच होती.

नाना पंख्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "दगा कसा आहे?"

मी म्हटलं, ऐकायला कमी येतं, बाकी बरे आहेत. इथलं जेवण विसरलेले नाहीत. नानांना हसू आलं, आणि हसण्याने खोकला. यावेळी तो लवकर थांबला.

हेमंत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत त्याने मागची सीट आडवी करून गादी घातली होती. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, डबी दाखवली, जळलेला तुकडा हातात दिला. त्याने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला. कपाटं कोणी बसवली, वायर कोणी टाकली, त्याला नीट सांगता येईना. दोन-तीन माणसं येऊन गेली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, तो तेव्हा शिरपूरलाच होता. मग त्याने सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला, आज रात्री चालेल का.

मी म्हणालो, "चालेल. माझे वडील असते तर मी त्यांना इथेच झोपवलं असतं. पण मागच्या भागाची वायर जुनी झालीय. पाऊस पडून थंडावा आला की सगळी काढायची."

तो खोलीत गेला. मी दारातूनच पाहिलं. कूलरच्या वाऱ्यात नानांना झोप लागली होती. हेमंत पलंगाच्या कडेला बसला आणि मग त्याने चपला काढल्या. अक्कांनी कुकर लावला.

जुलैत मी आणि मुलाने मिळून मागचा भाग नव्याने केला. म्हणजे काम मुलाने केलं, मी खुर्चीत बसून सांगत होतो. नवीन वायर जुन्या पाइपातूनच गेली. दगाभाऊंनी पाइप असा टाकला होता की जुनी वायर ओढताना कुठेही अडली नाही. नाना अजून त्याच खोलीत आहेत. तब्येत वरखाली होते. कधीमधी मी जातो, तेव्हा एसटीच्या गोष्टी सांगतात, दोन वाक्यं आणि श्वास, दोन वाक्यं आणि श्वास.

वायर काढून झाली त्याच्या पुढच्या रविवारी बसने धुळ्याला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण गेलो. दगाभाऊ ओट्यावर बसलेले होते. जवळ बसून त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आपला जोड बठ्ठा बरा शेतस ना?" मी म्हटलं, तुमचे सगळे बरे होते. फेजचा तर डाव्या हातानेच सुटला. त्यांनी डावा हात मांडीवरून उचलून बघितला आणि परत ठेवला. मग मी जरा चाचरतच सांगितलं की आपली वायर मी सगळी काढून टाकली. मला वाटलं होतं, त्यांना लागेल.

"बरं करं. तारले बी वय ऱ्हास," ते म्हणाले. तारेलाही वय असतंच. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

आता हे सगळं वाचून कोणाला काही घ्यायचं असेल तर एवढंच घ्या. घराचं काम काढलंत की पुट्टी मारण्याआधी, टाइल लावण्याआधी, कपाट बसवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डबी कुठे आहे, पाइप कुठून गेलाय, सगळं त्यात येतं. आणि डबीवर कपाट बसवायचंच असेल तर मागच्या प्लायला एक खिडकी कापून तिला झाकण लावायला सांगा. सुतार म्हणेल, वाईट दिसतं. त्याला म्हणावं, आत पापडांचे डबे येणार आहेत, कोण बघतंय.